दात शाबूत

पोलीसबाई तीनला येते म्हणाली होती. अडीचलाच सगळे बाहेरच्या खोलीत येऊन असे बसले होते, जणू कुणी फोटो काढायला येणार आहे. ताईने खालच्या कारखान्यातलं पॉलिशचं चाक बंद केलं, हातावरचं प्लॅस्टर धुतलं आणि वर येऊन दारातूनच ही बैठक एकदा नजरेखालून घातली. तिचा मधला भाऊ घरात होता तेव्हा त्याच्याशी दोन शब्द बोलायला कुणाला सवड नव्हती. तो नाहीसा झाला आणि एकाएकी सगळ्यांचा जीव की प्राण झाला. त्या गोष्टीला आता अठरा वर्षं होत आली होती.

खिडकीशी अप्पा बसले होते, ब्याऐंशी वर्षांचे आणि अजून ताठ. या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच धंदा, कवळ्या करण्याचा. डॉक्टर रुग्णाच्या जबड्याचे साचे पाठवायचे, इथे दात घडायचे. अप्पांच्या हातच्या कवळीला तोड नाही असं सारं शहर म्हणतं, हे अप्पाच सांगत, त्यामुळे शहराला विचारायची गरज कधी पडली नव्हती. त्यांच्या शेजारी दादा, थोरला. हात कधी मेणात बुडाला नाही, पण डॉक्टरांशी गोड बोलून काम आणायचं, यात त्याचा हात धरणारा नव्हता. त्याची बायको माहेरी गेली होती. अशा वेळी तिला माहेर बरोबर आठवायचं.

आणि कोचावर ऐसपैस पसरलेले काका, अप्पांचे धाकटे भाऊ. जन्मभर विजेचे मीटर वाचत हिंडले, आणि निवृत्त झाल्यावर पुतण्याला शोधत हिंडू लागले. मधला त्यांना आजवर सात गावांत दिसला होता. एकदा बंदरावर बोटीच्या कठड्याला टेकून, एकदा दाढी वाढवून हॉटेलच्या गल्ल्यावर. दर वेळी काका हाक मारणार इतक्यात बस सुटायची. चौथ्या वर्षी मात्र बस सुटली नाही, आणि काका एका माणसाला हाताला धरून थेट घरीच घेऊन आले. डोक्याला मार लागून त्याला मागचं काही आठवत नाही, असं काकांनी सांगितलं. त्या माणसानेही मान डोलावली. तीन दिवस तो पोटभर जेवला आणि बसल्या बसल्या घरातला बंद पंखा दुरुस्त करून दिला. मधल्याच्या बायकोने दारातून त्याला एकदाच पाहिलं आणि ती आत निघून गेली. शेवटी ताईनेच त्याला उजेडात बसवून "आ कर" म्हटलं होतं. बत्तीसच्या बत्तीस दात त्याचे स्वतःचे होते. दाताचा धंदा करणाऱ्या घरात माणूस आणून बसवावा आणि त्याच्या तोंडात डोकावून बघू नये, हे काकाच करू जाणे!

"मी काय म्हणतो," दादा म्हणाला, "त्या बाईने काहीही दाखवलं तरी घाईघाईने हो म्हणायचं नाही. विचार करून कळवतो म्हणायचं."

"विचार कसला करायचाय?" ताईने विचारलं. "डॉक्टरने साचा परत पाठवलाय थोडाच?"

"तू मध्ये तोंड घालू नकोस. आपलं नाव आहे चार लोकांत."

"नाव आहे म्हणूनच तर दर वर्षी पेपरात छापतोस."

मधला गेला त्या तारखेला दादा दर वर्षी पेपरात जाहिरात देई. वर मधल्याचा ओठ मिटलेला फोटो, 'जिथे असशील तिथून परत ये', आणि त्याखाली ठळक अक्षरात कारखान्याचं नाव, पत्ता, कामाची वेळ. हरवलेल्या माणसाला रविवारी सुट्टी असते हे कळवायची काय गरज होती, असं ताईने पहिल्याच वर्षी विचारलं होतं.

"तो जिवंत आहे," काकांनी कोचावरून जाहीर केलं. "माझं मन मला सांगतंय."

"तुमच्या मनाला काय, उचलली जीभ लावली टाळ्याला."

"बघा, ही अशी बोलते! वडील माणसांशी!"

"तक्रार मी दिली होती," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला की बाकीचे आपोआप बसत. "बोलायचं ते मी बोलेन. बाकी कुणी चकार शब्द काढायचा नाही."

मधली इतका वेळ भिंतीजवळच्या लाकडी खुर्चीत होती. मधल्याची बायको म्हणून घरात तिचं नावच मधली पडलं होतं, आणि तो गेल्यावर ते बदलायचं कुणाला सुचलं नव्हतं. वाचनालयातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन आली होती. चहा करायला ती उठली नाही आणि तिला उठायला सांगायची आज कुणाची छाती झाली नाही.

"फोनवर काय म्हणाली ती?" तिने विचारलं. "वस्तू काय आहे?"

फोन दादाने घेतला होता. त्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

पोलीसबाई आली ती साध्या कपड्यांत, सर्दीने नाक लाल झालेली. वय पस्तिशीच्या आत. जिने चढून दम लागला होता. काकांनी तिला कोचावर जागा करून दिली, पण तिने टेबलाजवळची खुर्ची ओढली आणि पिशवीतून एक जाड फाइल काढली.

"मी जुनी प्रकरणं बघते," ती म्हणाली. "एका बाजूला हरवलेल्यांची यादी, दुसऱ्या बाजूला सापडलेल्या बेवारस मृतदेहांची. सगळे जण त्यात काय जुळतं ते शोधतात. मी कुठली जोडी कशामुळे खोडली ते वाचते."

"म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधता," अप्पा म्हणाले.

"हो," पोलीसबाई शांतपणे म्हणाली आणि नाक पुसलं. "तुमच्या मुलाची तक्रार आली त्याच्या अकराव्या दिवशी इथून खाली तीन गावं सोडून कालव्याच्या दारात एक पुरुष सापडला होता. पाण्यात खूप दिवस राहिलेला. चेहरा ओळखू येत नव्हता, कपडे नावाला उरले होते. तेव्हाचा हाडाचा किंवा केसाचा नमुना वगैरे काही ठेवलेला नाही. पाकिटात एवढीच वस्तू शिल्लक आहे."

तिने एक पारदर्शक पाकीट टेबलावर ठेवलं. वरच्या चार दातांची कवळी होती. गुलाबी रंग उडून मातकट झालेला, दोन्ही बाजूंना तारेच्या पकडी.

ताई जवळ गेली नाही. तिला जवळ जायची गरज नव्हती. डावीकडचा दुसरा दात किंचित आत वळलेला होता, आणि तो तिथे तसा कुणी वळवला ते तिच्या बोटांना ठाऊक होतं. अठरा वर्षं ती सगळ्यांना ठासून सांगत आली होती की मधला मेलाय, उगाच नाटकं करू नका. आज तो खरोखर मेला तेव्हा तिला कळलं की हे सांगताना तिनेही मनात कुठेतरी तो बोटीच्या कठड्याला टेकवून ठेवला होता.

मधली उठली, टेबलाजवळ गेली आणि वाकून बघत राहिली. तिने पाकिटाला हात लावला नाही.

"आमची नाही," दादा पटकन म्हणाला. त्यालाही सगळं कळलं होतं, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "छे! आमच्याकडचं काम असं नसतं. हे कुठल्यातरी बाजारू कारागिराचं दिसतंय. दोन दिवसांत उरकलेलं."

"तेच म्हणतो मी," काका म्हणाले. "तो जिवंत आहे."

पोलीसबाईने अप्पांकडे पाहिलं. "तुम्ही सांगा. तुमची नसेल तर मी घेऊन जाते."

अप्पांनी फक्त 'नाही' म्हणायचं होतं. दादाने वाट मोकळी करून ठेवली होती, काकांनी तिच्यावर पाणीसुद्धा शिंपडलं होतं. पण अप्पांच्या कानात दादाचा एकच शब्द शिरला होता.

"बाजारू?" ते दादाकडे वळले. "बाजारू म्हणालास? टाळूकडची कड बघ. नखाने चाचपून बघ, कुठे अडकतं का ते! अशी कड उतरवणारा या शहरात दुसरा कोण आहे? अकरा दिवस पाण्यात होता म्हणते ही, पकड सुटली का? सुटणारच नाही! तो एक दात वाकडा लावलाय, तो मात्र माझा नव्हे. मी सरळ करायला सांगितलं होतं." आणि त्यांनी ताईकडे बोट केलं. "हिने ऐकलं नाही."

बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते उमगलं. तोंड थोडं उघडंच राहिलं. आपला मुलगा कालव्यात सापडला हे अप्पांनी सगळ्यांच्या आधी मान्य केलं होतं, कारण कामाला नाव ठेवलेलं त्यांना सोसत नव्हतं. ताईच्या मनात आलं, देवाने या माणसाला मुलगे दिले खरे, पण त्याला फक्त गिऱ्हाइकं हवी होती.

"मग त्याचीच आहे," पोलीसबाई म्हणाली. तिने हे हळू म्हटलं, आणि मधलीकडे बघून म्हटलं.

"त्यांचीच आहे," मधली म्हणाली. "तो दात जीभ लावून बघायची सवय होती त्यांना." ती पुन्हा खुर्चीत जाऊन बसली. हात मांडीवर घट्ट धरले होते. तिने विचारलं, "पडले की उडी घेतली?"

"ते मी सांगू शकत नाही. खरं सांगायचं तर आता कुणीच सांगू शकणार नाही."

"बरं," मधली म्हणाली. "पण मग अठरा वर्षं का लागली?"

हाच प्रश्न येणार हे ताईला माहीत होतं. ती दाराच्या चौकटीला टेकली.

पोलीसबाईने फाइलमधून दोन कागद काढून शेजारी शेजारी ठेवले. "ही बेवारस मृतदेहाची नोंद. उंची, अंदाजे वय, शर्टाचा रंग, पायाच्या नखाची जुनी खूण. खाली लिहिलंय, वरचे पुढचे चार दात कृत्रिम. आणि ही तुमच्या घरची तक्रार. उंची तीच, वय तेच, शर्ट तोच, नखाची खूणसुद्धा. तेव्हाच्या माणसाने दोन्ही कागद समोर ठेवून जुळवले होते, बरं का. आळशी नव्हता तो. पण इथे नवव्या रकान्यात, 'दात' समोर, तुम्ही लिहिलंय, 'पूर्ण, शाबूत'. म्हणून त्याने समासात शेरा मारला, 'दात जुळत नाहीत, सबब ही व्यक्ती नव्हे', आणि जोडी खोडून टाकली."

मधलीने हात पुढे केला. पोलीसबाईने तक्रारीचा कागद तिला दिला. मधलीने तो वरून खालपर्यंत वाचला. वाचनालयातली बाई, तिला वाचायला वेळ लागत नसे, पण आज लागला. मग कागद तिने टेबलावर परत ठेवला आणि कुणाकडेही न बघता बसली.

"आता अडचण अशी आहे," पोलीसबाई म्हणाली, "की तुमचीच तक्रार म्हणते दात शाबूत. मी ही कवळी त्याची आहे म्हणून वर पाठवली, तर पहिला प्रश्न हाच येणार. नवव्या रकान्यातली माहिती चुकीची कशी, हे ती लिहिणाऱ्याने मला लिहून द्यायला हवं. खाली सही यांची आहे, पण अक्षर सहीशी जुळत नाही. कुणी लिहिली ही?"

"हवालदाराने," अप्पा म्हणाले.

ते इतकं सहज म्हणाले की क्षणभर ताईलाही ते खरं वाटलं.

"हो हो, हवालदारच," दादाने लगेच उचललं. पाच मिनिटांपूर्वी बापाने त्याचा पाणउतारा केला होता, ते तो विसरूनही गेला. "आम्ही तोंडी सांगितलं, त्याने लिहून घेतलं. घाईत होता. आम्ही दातांचं सांगितलं होतं बरं का."

"जाडा होता एक," काका म्हणाले. चौकीत ते गेलेच नव्हते. "मिश्यावाला. कान जरा कमीच होता त्याला."

"तर तर," अप्पा म्हणाले. "बहिराच."

बघता बघता तिघांनी मिळून एक जाडा, मिश्यावाला, बहिरा हवालदार उभा केला. अप्पा आणि काका गेली दोन वर्षं एकमेकांशी धड बोलत नव्हते, दादाला दोघांचंही तोंड बघायला नको असे. पण खोटं घडवायचं म्हटल्यावर तिघांचे हात कसे बिनचूक एका साच्यात गेले! आणि तिघेही अधूनमधून ताईकडे बघत होते. त्या बघण्याचा अर्थ तिला कळत होता. तू नुसती गप्प बस, एवढंच ते म्हणत होते. गप्प बसणं तिला तरी कधी जमलं होतं? पण आज जमत होतं, आणि सोपंही वाटत होतं.

"असं असेल तर ठीक आहे," पोलीसबाईने वहीत काहीतरी टिपलं. "मग मला त्या माणसाला शोधावं लागेल. निवृत्त झाला असेल. खात्याची चूक म्हणून चौकशी लागेल, त्याचं उत्तर मागवावं लागेल. तोवर फाइल अशीच राहील."

"किती दिवस?" मधलीने विचारलं.

"दिवस नाही. दोन वर्षं धरा. जास्तही लागतील."

"म्हणजे आणखी दोन वर्षं ते हरवलेलेच."

"कागदावर, हो."

"मी त्यांना कागदावर सोडून आणखी कुठे भेटतेय," मधली म्हणाली.

"अगं, अठरा गेली तशी दोन जातील," काका म्हणाले.

ताईने चौकट सोडली आणि टेबलाजवळ आली. "मी लिहिलंय ते," ती म्हणाली.

"ताई!" दादा म्हणाला.

"हवालदार वगैरे कुणी नव्हता. कागद घरी आणला होता, या टेबलावर बसून मी भरला. अप्पांचं अक्षर लागत नाही कुणाला, म्हणून मी. अप्पांनी सांगितलं, 'पूर्ण, शाबूत', आणि मी लिहिलं."

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," दादा दबक्या आवाजात म्हणाला. "थोडं सांभाळून घ्यावं माणसाने."

"सांभाळून घेतलं म्हणून तर तो कालव्यात पडून राहिला."

"तेव्हा तुम्हाला माहीत होतं, की कवळी आहे?" पोलीसबाईने विचारलं.

"मीच दात लावले त्या कवळीत."

"मग असं का लिहिलं?"

ताईने अप्पांकडे पाहिलं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. दादाही तिथेच बघत होता. त्या खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी सोडून बघण्यासारखं काही नव्हतं.

"कवळी लिहिली असती तर दात कसे गेले तेही लिहावं लागलं असतं," ताई म्हणाली. "जिन्यावरून पडला असं आम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. हिलाही. ही तेव्हा महिनाभर माहेरी होती. तो जिन्यावरून पडला नव्हता. अप्पा एक कवळी दाखवत होते डॉक्टरला. मधला हसला आणि म्हणाला, इतके सरळ दात माणसाच्या तोंडात नसतात, घोड्याला बसवा. डॉक्टर गेल्यावर अप्पांनी फ्लास्क फेकून मारला. फ्लास्क म्हणजे साचा दाबायची पितळी डबी. दोन किलोची असते."

"हातातून सुटला," अप्पा टाकीकडे बघत म्हणाले.

"हातातून सुटलेला फ्लास्क पायावर पडतो, अप्पा. समोरच्याच्या तोंडावर जात नाही."

"माझ्या कामाला हसला तो! परक्या माणसासमोर!"

"हसला. आणि खरं बोलला. म्हणून मी त्याचा दात वाकडा लावला, त्याचा होता तसा."

अप्पांच्या ओठांचा कोपरा थरथरला. त्यांच्या तोंडातली कवळी ताईनेच केली होती, सरळ, एका रेषेत, त्यांनी सांगितली तशी. रडू आलं असेल किंवा राग आला असेल, त्या दातांवरून काही कळत नव्हतं.

पोलीसबाईने कोरा कागद पुढे केला. ताई बसली आणि लिहू लागली. हात थरथरला नाही, याची तिला लाज वाटली. खाडाखोड न करता तिने अर्ध्या पानात सगळं लिहिलं, फ्लास्कसह, आणि खाली सही केली. लिहिताना मनात कुठेतरी तिला जरा बरंही वाटलं. शेवटी या घरात खरं बोलायला मीच लागते, असं तिला वाटलं. ते वाटणं फार तर मिनिटभर टिकलं असेल.

कारण मधली म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, ताई."

ताईने पेन खाली ठेवलं.

"ते नाहीसे झाल्याचं कळून मी पुन्हा माहेरून धावत आले त्या दिवशी. खाली कारखान्यात. तुम्ही चाकावर होतात. मी विचारलं, तक्रारीत दातांचं लिहिलंत ना? त्यावरून लगेच ओळखतील, असं मी म्हटलं होतं. तुम्ही चाक न थांबवता म्हणालात, 'सगळं लिहिलंय.'"

"मला वाटलं तो आठ दिवसांत येईल," ताई म्हणाली. "देवाशपथ. रुसून गेलाय, येईल, मग कशाला बापाची अब्रू... आणि नंतर..."

"नंतर अठरा वर्षं होती."

नंतर ताईने कित्येकदा ठरवलं होतं, चौकीत जाऊन तो रकाना बदलून यायचं. पण बदलायचं म्हणजे आधी खोटं लिहिलं होतं हे कबूल करायचं, आणि ते कबूल करायचं म्हणजे ज्यांना ती उठता बसता घालून पाडून बोलत होती त्यांच्याच रांगेत जाऊन बसायचं. ते तिला जमलं नव्हतं. इतकी साधी गोष्ट होती.

मधली उठली. "कुठे ठेवलंय त्यांना?" तिने पोलीसबाईला विचारलं.

"त्याच गावाच्या नगरपालिकेच्या जागेत पुरलंय. वहीत क्रमांक आहे. जागेवर पाटी असेल असं वाटत नाही."

"आज जाता येईल?"

"मी तिकडूनच परत जाणार आहे. चला माझ्याबरोबर. दीड तास लागेल."

"मी गाडी काढतो," दादा उठला. "सगळेच जाऊ. घरचं माणूस आहे." काकाही कोचाखाली पायाने चपला चाचपू लागले. जिवंत पुतण्या हातचा गेला, तर गेलेल्याचं तरी पुढे होऊन करावं, एवढी लवचिकता त्यांच्यात होती.

"कुणीही यायचं नाही," मधली म्हणाली.

ती आवाज न चढवता म्हणाली, पण दादा उठला होता तसाच खाली बसला. ताई मात्र तिच्यामागून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेली. पोलीसबाई खाली उतरली होती.

"मी येते तुझ्याबरोबर," ताई म्हणाली. "एकटी नको जाऊस. मी काही बोलणार नाही तिथे. नुसती उभी राहते."

मधलीने चपलेचा पट्टा लावला आणि सरळ उभी राहिली.

"काकांचं मी कधी मनावर घेतलं नाही," ती म्हणाली. "दादांच्या जाहिरातीवर माझा विश्वास नव्हता. अप्पांना तर मी काही विचारलंच नाही कधी. सगळ्या घरात विचारलं ते एका तुम्हाला. वाचनालयात मला बायका म्हणायच्या, तुझी नणंद फार फटकळ आहे गं. मी म्हणायचे, असू दे, पण खोटं बोलत नाही."

"अगं, आता सांगितलं ना मी. सगळ्यांसमोर सांगितलं."

"हो. सांगितलंत." मधलीने पिशवी खांद्याला लावली. "कागद हातात घेतला तेव्हाच मी तुमचं अक्षर ओळखलं होतं, ताई. मग गप्प बसून बघत होते, तुम्हाला किती वेळ लागतो ते."

ती जिना उतरून गेली. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला.

ताई खोलीत परत आली. अप्पा, दादा आणि काका तिघेही तिच्याकडे बघत होते. असं काही झालं की ताई एखादं लागट वाक्य बोलायची, मग कुणी चिडायचं, कुणी उठून जायचं, आणि घर पुन्हा चालू व्हायचं. ते त्या वाक्याची वाट बघत होते. ताईच्या तोंडाशी वाक्यं बरीच आली, पण त्यातलं एकही आता त्या तिघांना लागू होऊन तिला वगळणारं नव्हतं. ती मधलीच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि काही बोलली नाही.